विस्तव नेणारी होडी

मी एक जुनी लाकडी होडी आहे, मित्रांनो, आणि सध्या पालथी आहे. पालथ्या होडीला पाणी दिसत नाही. तिला माती दिसते, मुंग्यांच्या रांगा दिसतात, आणि गेल्या महिन्यापासून माझ्या मालकाच्या घरची एक तांबडी कोंबडी माझ्याखाली येऊन अंडी घालते, ती दिसते. माझ्या तळाच्या दोन फळ्या नाहीत. त्या जागेतून आभाळाचा एक लांबट तुकडा आत येतो. त्या फळ्या कुठं गेल्या, तेच मला सांगायचं आहे. पण ओळीने सांगते. मधेच उठून जाऊ नका.

माझा जन्म झाला तेव्हा उजनीचं धरण नुकतंच भरायला लागलं होतं. इंदापूर तालुक्यात भीमेच्या काठी आमचं गाव होतं. ते पाण्याखाली जाणार हे नक्की झालं, तेव्हा लोकांनी आपापली घरं आपल्याच हातांनी उतरवली. तुळया, वासे, चौकटी, दारं सगळं बैलगाड्यांत घालून वर माळावर नेलं. गावचे सुतार होते बाबूलाल मिस्त्री. सगळ्या गावाला दारं त्यांनीच बसवून दिलेली, आणि आता ती काढायलाही त्यांनाच बोलावणं यायचं. ते नुसते खिळे उपसायचे आणि सरळ करून डब्यात टाकायचे.

उरल्यासुरल्या लाकडातून त्यांनी मला केलं. माझ्या तळाच्या दोन फळ्या त्यांच्या स्वतःच्या दाराच्या, चांगल्या सागवानी. बरगड्या शेजारच्या सर्जेरावांच्या तुळईतून काढलेल्या. बाबूलाल मिस्त्रींनी तोवर आयुष्यात होडी केलेली नव्हती. त्यामुळे मी पहिल्यापासून डावीकडे जराशी कललेली आहे. लोक हसले. ते म्हणाले, "चालताना माणूस बी एका अंगाला झुकतंयच की. बुडली तर सांगा."

मी बुडाले नाही. सत्तेचाळीस वर्षं बुडाले नाही.

बाबूलाल मिस्त्रींच्या बायकोचं नाव मेहबूबबी आणि सर्जेरावांच्या बायकोचं कौसल्या. जुन्या गावात दोघींच्या घरांची भिंत एकच. दोघी एकाच वर्षी नांदायला आलेल्या. मेहबूबबी गावात सगळ्यांच्या आधी उठायची, म्हणून तिची चूल सगळ्यांच्या आधी पेटायची. त्या काळी काडेपेटी जपून वापरत. शेजारणी गवरीचा तुकडा घेऊन तिच्या दारात यायच्या आणि त्यावर विस्तव घेऊन जायच्या. कौसल्या रोजची. विस्तव घ्यायला म्हणून जायची आणि इतक्या गप्पा मारायची की हातातली गवरी जळून बोटाला चटका बसायचा. मग परत दुसरी गवरी.

वर माळावर नवं गाव बसलं, तेव्हा प्लॉट चिठ्ठ्या टाकून दिले. चिठ्ठीला भिंत कळत नाही. मेहबूबबीचं घर आलं पाण्याच्या कडेला आणि कौसल्याचं पार वरच्या सडकेला. मध्ये सगळं गाव. एवढ्या लांबून कुणी विस्तव नेतं का? गवरी वाटेतच संपेल.

मग दोन-तीन वर्षांनी काय झालं, वैशाखात पाणी खूप उतरलं आणि जुन्या गावाची उंच जागा पाण्याच्या वर आली. चारी बाजूंनी पाणी, मधे पांढऱ्या मातीचं टेकाड, त्यावर घरांची दगडी जोती ओळीने. सगळे त्याला 'पांढर' म्हणायला लागले. बाबूलाल मिस्त्रींनी मला पाण्यात लोटलं आणि पहिल्या खेपेला या दोघींना घेऊन गेले.

तेव्हापासून ती रीतच पडली. दर वैशाखात एक दिवस, खरं तर अर्धाच दिवस, जुन्या गावची माणसं पांढरीवर जायची. सकाळी सातला निघायचं आणि दुपारी वारं उठायच्या आत परत यायचं. तिथं जो तो आपापल्या जोत्यावर बसायचा. भिंती नाहीत, छप्पर नाही, पण दुसऱ्याच्या जोत्यावर कुणी विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. नसलेल्या दारातून हाक मारायची, आतून "या" म्हटलं की मग चढायचं. तीन दगडांच्या चुली मांडायच्या, चिलापी माशाचं कालवण शिजवायचं, भाकरी घरून आणलेल्या. आणि पांढरीवर काडी ओढायची ती एका मेहबूबबीनंच. बाकी सगळ्या चुली तिच्या विस्तवावर.

मी काठाला बांधलेली असायचे, पण टेकाड केवढंसं! सगळं ऐकू यायचं. कौसल्या गवरी घेऊन यायची आणि जोत्याखाली उभी राहून ओरडायची, "मेहबूबेऽ, विस्तव दे गं!"

आतून, म्हणजे उघड्या आभाळाखालून, दरवर्षी एकच उत्तर यायचं. "आली का भिकारीण? तुझ्या घरात काडेपेटी न्हाय व्हय?"

"न्हाय बाई. गरिबाच्या घरात कुठली काडेपेटी?"

"ऊस कारखान्याला घालतीस न् काडेपेटी घेत न्हाईस? ये वर, मेले."

दोघी इतक्या हसायच्या की काठावरचे बगळे उडून जायचे. सर्जेराव आपल्या जोत्यावरून ओरडायचे, "अगं कालवण आज शिजणाराय का उद्या?"

पुढे बाबूलाल मिस्त्री गेले, सर्जेरावही गेले. माझी वल्ही मिस्त्रींच्या मुलाच्या, सिकंदरच्या हातात आली. वर्षाचे बाकीचे दिवस तो माझ्यातून मासे धरायचा आणि भिगवणच्या बाजाराला न्यायचा. नंतर लांबचे पाहुणे यायला लागले, फ्लेमिंगो बघायला. बारामतीचे, पुण्याचे, गळ्यात नळकांड्याएवढे कॅमेरे. त्यांनाही सिकंदर अर्ध्या दिवसाची सफर घडवायचा. एक बाई मला म्हणाल्या, म्हणजे सिकंदरला म्हणाल्या, पण हात माझ्यावर ठेवून, "काय कॅरेक्टर आहे हिला!" बारामतीच्या एका कापड दुकानाच्या कॅलेंडरवर माझा फोटो आला होता. एप्रिल महिन्यात मी होते. तीस दिवस मी घराघरांत भिंतीवर होते, मित्रांनो. मग मे आला आणि लोकांनी पान उलटलं.

पाहुण्यांना पुढे फायबरच्या होड्या आवडायला लागल्या. त्या हलक्या असतात, त्यांना इंजिन असतं, वर निळं छत असतं. काठावर एका मालकाने तशा सहा आणल्या आणि सिकंदर त्यांच्यावर कामाला लागला. त्यात वाईट काही नाही. त्यालाही घर आहे. पण माझं एक सांगते. लाकडी होडीला दरवर्षी एकदा उलथी करावी लागते. तिच्या फटींत सुतळी आणि कापूस ठासून वर गरम डांबर ओतावं लागतं. बाबूलाल मिस्त्री ते काम दिवाळीनंतर एका सकाळी करायचे, विडी न ओढता. सिकंदरही करायचा. मग एका वर्षी राहिलं. दुसऱ्या वर्षी त्याने एका फटीत प्लॅस्टिकची पिशवी कोंबली आणि वरून पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन फासलं. "चालतंय," तो म्हणाला. "आता हिला न्यायचं तरी कुठं लांब?"

ती फट नेमकी त्या दोन सागवानी फळ्यांच्या मधली होती.

आता गेल्या वैशाखाचं सांगते.

पांढरीवर जाणारी घरं कमी होत होत गेली होती. म्हातारी माणसं संपली, तरुण लोणी देवकरच्या कंपन्यांत पाळ्या करतात, सुट्टी मिळाली तर झोपतात. गेल्या वर्षी उरल्या होत्या या दोघीच. आणि त्यातही मेहबूबबीचे पाय सुजलेले, जिना चढल्यासारखा दम बसल्या जागी लागायचा. डॉक्टरांनी होडीत पाय ठेवायचा नाही म्हणून सांगितलं होतं. सिकंदरने घराबाहेर, पाण्याकडे तोंड करून तिची बाज टाकली होती. माझ्यापासून दहा पावलांवर.

आदल्या दिवशी कौसल्या तिच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मग मी बी न्हाई जात."

"जायाचं," मेहबूबबी म्हणाली. "मी विस्तव देती. माझ्या जोत्यावर ठेवायचा, तिथं चूल पेटवायची. धूर निघाला की मला हितनं दिसंल. तेवढं बघू दे मला."

"आणि तुझ्याबिगर मी कुणाकडं मागायचा?"

"माझ्या जोत्याकडं माग. ते काय पळून जातंय व्हय?"

एवढीच गोष्ट होती, मित्रांनो. एक विस्तव दोन मैल पाण्यावरून न्यायचा, तो विझू द्यायचा नाही, आणि एका म्हातारीला इकडून धूर दिसायला हवा. मागणं एवढंसं होतं आणि ते नेमकं माझ्या गळ्यात आलं. कारण फायबरच्या होडीच्या मालकाने हात जोडले. "आजी, सोन्याचा हंडा न्या, पण फायबरवर आग नको." त्याचंही बरोबरच होतं.

सकाळी मेहबूबबीने सबिनाला, म्हणजे सुनेला, अंगणातली पाणी तापवायची चूल सारवायला लावली. स्वतः बसून पेटवली. पेटवताना तीनदा थांबली, पण कुणाला हात लावू दिला नाही. एका गाडग्यात तळाला राख, त्यावर बाभळीचे चांगले रसरशीत निखारे, वर परत राखेचं पांघरूण. "बाळावाणी ने," ती म्हणाली.

कौसल्याबरोबर तिची नात श्रेया आली होती. ती कंपनीत कामाला आहे, शिस्तीची पोरगी. तिने आजीला नारिंगी लाईफ जॅकेट घालायला लावलं.

"ह्यात मी पोळ्याच्या बैलावाणी दिसती," कौसल्या म्हणाली.

"दिस. पण घाल."

"शिंगं रंगव की मग!" बाजेवरून मेहबूबबी म्हणाली, आणि हसता हसता तिला खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही.

आम्ही निघालो. गाडगं माझ्या मधल्या फळ्यांवर ठेवलं होतं. खरं सांगते, मला भीती वाटत होती. मी लाकडाची, अंगावर सत्तेचाळीस वर्षांचं डांबर, आणि पोटात आग. पण आगीची भीती मी उगाच बाळगली. माझा घात पाण्याने केला.

अर्ध्या वाटेत ते सोल्युशन सुटलं. आधी नुसता ओलावा आला. मग पाण्याची एक बारीक रेघ. सिकंदर वल्ही मारत होता, श्रेया लांबच्या पक्ष्यांकडे बघत होती, कौसल्या मागे काठाकडे बघत होती, जिथं ती बाज एवढीएवढीशी झाली होती. मला ओरडता येत नाही. मी नुसती जड होत गेले. माझा डावा कल वाढला आणि साचलेलं पाणी सगळं त्या बाजूने गाडग्याकडे सरकलं.

तड्, असा आवाज झाला. तापलेलं गाडगं गार पाण्याने तडकलं. मग चर्र झालं आणि राखेचा वास सुटला.

"आगं बाई!" कौसल्याने दोन्ही हातांनी गाडग्याची खापरं उचलली. हात भाजले असतील. तरी खापरं सोडली नाहीत. श्रेया डब्याने पाणी उपसायला लागली, सिकंदर जीव खाऊन वल्ही मारायला लागला. खापराच्या कोपऱ्यात एक निखारा जिवंत राहिला होता, डाळिंबाच्या दाण्याएवढा. कौसल्या त्याच्यावर फुंकर घालत राहिली. जॅकेटच्या आडोशाला धरून, वाकून, एकसारखी. उरलेली सगळी वाट.

मी काठाला लागले. सिकंदरने तिला हाताला धरून उतरवलं. ती मेहबूबबीच्या जोत्यापाशी गेली, तिथं थांबली, मग चढली. तीन दगड मांडले. वाळलेल्या गवरीच्या चुऱ्यात तो निखारा ठेवला आणि फुंकला. धुराचा एक दोरा वर गेला. आणि तुटला. तिने परत फुंकलं. परत फुंकलं. मग ती तशीच बसून राहिली, राखेकडे बघत.

श्रेयाचा फोन वाजला. सबिना होती. "आगं, पोचलात का? अम्मा सारखं इचारत्यात. बाजेवर उठून बसल्यात. म्हंत्यात धूर का दिसंना."

श्रेयाने आजीकडे पाहिलं. "पोचलोय," म्हणाली. "पेटवतोय आता."

तेव्हा सिकंदरने एक गोष्ट केली. त्याने तोंड पाण्याकडे फिरवलं, खिशातून विडीची काडेपेटी काढली आणि न बघता हात मागे केला.

"मावशी," तो म्हणाला, "अम्मा वाट बघती."

कौसल्याने ती बऱ्याच वेळाने घेतली. पांढरीवर तिने आयुष्यात काडी ओढलेली नव्हती. दोन काड्या वाऱ्याने गेल्या. तिसरी लागली. गवऱ्या पेटल्या, वर उसाचं ओलसर पाचट टाकलं, आणि धूर उठला, जाड, पांढरा, सरळ वर.

फोनमध्ये सबिना ओरडली, "दिसला म्हंत्यात! हसत्यात बगा अम्मा!"

मला वाटलं, झालं. पण कौसल्या उठली, मेहबूबबीच्या जोत्यावरून खाली उतरली, आपल्या जोत्यावर गेली. गवरीचा एक तुकडा घेतला. परत आली. त्या रिकाम्या जोत्याखाली उभी राहिली आणि तिने नेहमीची हाक मारली.

"मेहबूबेऽ, विस्तव दे गं!"

उत्तर नव्हतं. लांब एक टिटवी ओरडली. कौसल्या तरी थोडी थांबली, जेवढा वेळ मेहबूबबीला बोलायला लागायचा तेवढी. मग तिने आपला आपण विस्तव घेतला. श्रेया तिकडे पाठ करून भाकरीचं फडकं सोडत होती. ते तिने बराच वेळ सोडलं.

परतताना श्रेयाने आपली ओढणी माझ्या फटीत कोंबली आणि पाणी उपसत राहिली. वारं उठायच्या आत आम्ही काठाला लागलो. कौसल्या तडक बाजेकडे गेली. मी दहा पावलांवर होते, मी ऐकलं.

"लागला?" मेहबूबबीने विचारलं.

"लागला की."

"माझाच?"

"मग कुणाचा? तुझाच."

"येळ लागला लई."

"वारं हुतं."

"वारं हुतं व्हय," मेहबूबबी म्हणाली. तिने कौसल्याचा हात हातात घेतला. भाजलेल्या बोटांवरून अंगठा फिरवला. मग तो हात नाकाशी नेला आणि धरून ठेवला. काडीच्या गंधकाचा वास लवकर जात नाही, मित्रांनो. माझ्या फळ्यांनाही तो येत होता.

"भिकारणी," ती हळूच म्हणाली. "तुझ्या घरात काडेपेटी हाय की गं."

कौसल्या तिच्या बाजेवर डोकं टेकून रडली. मेहबूबबी रडली नाही. तिने त्या नारिंगी जॅकेटवर थोपटत नुसतं म्हटलं, "बरं केलंस. मला दिसला धूर. बरं केलंस."

आठ दिवसांनी ती गेली.

त्या दुपारी सिकंदर माझ्याकडे पहार घेऊन आला. आधी माझ्या काठावर हात ठेवून बसला. घराच्या दारात माणसं थांबली होती, त्याला घाई होती, तरी बसला. मग त्याने ती फट बघितली, ओढणी अजून तिच्यात होती. ती त्याने काढली, घडी घातली. आणि त्या दोन सागवानी फळ्या उपसल्या, एक खिळाही न मोडता. बापासारखंच. कबरीत माती लोटण्याआधी वर फळ्या आडव्या लावतात, तिथं त्या गेल्या. बाबूलाल मिस्त्रींनी केलेलं दार शेवटी तिच्याच घराला लागलं. मी तिला पांढरीवर नेऊ शकले नाही. तिचा विस्तवही मला नीट नेता आला नाही. एवढं मात्र माझ्याकडून झालं.

माझ्याकडे कुणी दोषी म्हणून बघत नाही. सिकंदरही बघत नाही. तो जाता-येता मला हात लावतो आणि मान खाली घालून फायबरकडे जातो.

या वैशाखात पांढर परत वर आली. श्रेयाने सुट्टी काढली होती, मालकाने होडी देऊ केली होती. कौसल्या येत नाही म्हणाली. ती फक्त काठापर्यंत आली. हातात गवरी होती. सबिनाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "विस्तव दे गं."

सबिना गोंधळली. "आमच्यात गॅस हाय, आजी. काडेपेटी देऊ?"

"काडेपेटी नगं."

सबिनाने तिच्या हातातली गवरी बघितली. मग तिने अंगणातली ती जुनी चूल पेटवली. तिला नीट जमेना, डोळ्यांत धूर गेला, पण पेटवली. कौसल्याने विस्तव घेतला, माझ्याशेजारी तीन दगड मांडले, पाठ माझ्या बरगड्यांना टेकली आणि चूल लावली. त्या बरगड्या तिच्याच घराच्या तुळईच्या आहेत. वर पाचट टाकलं. धूर उठला, जाड, पांढरा, सरळ वर.

ती पांढरीकडे बघत होती. तिकडून धूर दिसला का, ते विचारायला तिकडे आता कुणी नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे एखादी जुनी वस्तू असेल, किंवा एखादं माणूस असेल, ज्याच्याकडे जायचं तुमच्याकडून दरवर्षी राहून जातं. फट बारीक असते तेव्हाच बुजवता येते. तिच्यात पिशवी कोंबू नका. होडी उलथी करा, सुतळी ठासा, डांबर ओता.

एक सकाळ लागते. एकच.